फाटकावरचा फोटो

एक

इमारतीच्या फाटकावर एका तरुण मुलाचा फोटो चिकटवला होता आणि त्याखाली लाल शाईत लिहिलं होतं, 'चोर. आत सोडू नये.' हिंदीत, तेलुगूत आणि इंग्रजीतही. त्रिवेणीबाई छत्री मिटून उभ्या राहिल्या. कपाळावरची ती खोक त्यांनीच कापूस लावून पुसली होती. मुलगा तेव्हा तिसरीत होता आणि शाळेच्या नळावर घसरून पडला होता.

तो युवराज होता.

बाईंची शाळा हैदराबादेत, नारायणगुड्यात होती. मराठी शिकणारी मुलं संपत गेली तशी ती बंद पडली. आता शुक्रवारी आणि मंगळवारी बाई या नव्या चौदा मजली इमारतीत तन्वी नावाच्या मुलीला मराठी शिकवायला यायच्या. तन्वीला पुण्याच्या आजोबांचं पत्र वाचता येत नव्हतं, म्हणून तिच्या आईने, मेधाने, त्यांना शोधून काढलं होतं.

पहिल्याच दिवशी वॉचमन यादगिरीने बाईंची सुती साडी आणि कापडी पिशवी पाहून हाताने इमारतीची मागची बाजू दाखवली होती. "अम्मा, कामवाले उधर से." पुढच्या लिफ्टने फक्त रहिवासी जात. मोलकरणी, दूधवाले, सामान पोचवणारी मुलं, सगळ्यांनी मागची लिफ्ट वापरायची, असा सोसायटीचा नियम होता आणि तो काचेच्या चौकटीत लावलेला होता. बाईंनी वाद घातला नाही. मागच्या लिफ्टच्या दारापुढे कचऱ्याचे डबे ठेवलेले असत, म्हणून त्या गुडघ्यावर हात ठेवत जिन्याने पाचव्या मजल्यावर जात. आजही तशाच गेल्या. स्वयंपाकघराचं मागचं दार मेधाने उघडलं आणि त्यांना धाप लागलेली पाहून म्हणाली की बाई, आता वय झालं तुमचं. बाई हसल्या. ज्यांच्याकडे शिकवायला जायचं त्यांच्याकडे तक्रार करायची नाही, ही त्यांची जुनी सवय होती.

फोटोबद्दल त्यांनी विचारलं तेव्हा मेधा ओशाळली. चोरी तिच्याच घरी झाली होती. बुधवारी दुपारी, ती ऑफिसात असताना, तिच्या नवऱ्याचं, शशिकांतचं, घड्याळ गेलं होतं. शशिकांत सोसायटीचा सेक्रेटरी. जेवणाच्या टेबलाशी बसून समोरच्या टॅबकडे पाहत होता. पडद्यावर हैदराबादचा नकाशा होता आणि त्यावर हिरवे ठिपके मुंग्यांसारखे सरकत होते. बाईंना वाटलं, मुलांचा एखादा खेळ असेल.

शशिकांतने सगळं नीट, न चिडता सांगितलं. त्याने कोथिंबीर आणि दूध मागवलं होतं. मुलगा मागच्या दारी आला. घड्याळ ओट्यावर काढून ठेवलं होतं. पैसे आधीच भरलेले होते, तरी सुटे हवेत म्हणून त्याने शशिकांतला आत पाठवलं. शशिकांत परत आला तर ओटा रिकामा.

"मी धावत बाहेर गेलो मॅडम. तो लिफ्टमध्ये शिरला होता. दार बंद होता होता त्याच्या हातात घड्याळ चमकलेलं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं."

"पोलिसांना कळवलंत?"

"कशाला? गरीब मुलगा आहे, आयुष्याचं वाटोळं होईल. मी फक्त कंपनीला कळवलं. त्यांनी त्याचा आयडी बंद केला. तेवढं पुरे."

मेधा कौतुकाने नवऱ्याकडे पाहत होती. बाईंनी तन्वीला धडा वाचायला सांगितला, पण त्यांचं लक्ष लागेना. चाळीस वर्षं त्यांनी वर्गातल्या चोऱ्या सोडवल्या होत्या. ज्याची पट्टी हरवते ते मूल आधी पट्टी मागतं, मग चोराला शिक्षा मागतं. या माणसाने एकदाही घड्याळ परत मागितलं नव्हतं.

दोन

बाईंचा निरोप मिळाला तसा युवराज शनिवारी चिक्कडपल्लीला त्यांच्या घरी आला. त्याने चप्पल दाराबाहेर काढली आणि वेताच्या मोड्यावर बसला नाही, उंबऱ्याशीच बसला.

त्याचे पणजोबा निजामाच्या राज्यात बीदरकडे शेती करायचे, आजोबा आबिड्सला कापडाच्या दुकानात लागले, वडील तिथेच मुनीम झाले. मग लोक कापड फोनवर घेऊ लागले आणि दुकानाने शटर ओढलं. युवराज पदवीधर होता. दोन वर्षं तो सरकारी भरतीच्या परीक्षेची वाट पाहत बसला. परीक्षा आली आणि पेपर फुटला म्हणून रद्द झाली. तेव्हा त्याने मोटरसायकल घेतली.

त्याचं काम काय होतं ते नीट समजून घ्यायला हवं. शहरात गल्लोगल्ली पाटी नसलेली कोठारं झाली आहेत. त्यांना नुसतं स्टोअर म्हणतात. गिऱ्हाइकाने फोनवर बोट टेकवलं की तिथून काही मिनिटांत सामान निघतं आणि मोटरसायकलवाला ते घेऊन पळतो. तो कुणाचा नोकर नसतो. कंपनी त्याला भागीदार म्हणते. त्याला रजा नाही, पगार नाही, पडला तर दवाखाना नाही. त्याच्यापाशी फक्त एक आयडी असतो, फोनमधला. तो चालू असेल तर चूल पेटते, आणि तो बंद करायला कुणाला उठून उभंही राहावं लागत नाही.

"काय केलंस तू?" बाईंनी विचारलं.

"तेच तर कळेना बाई." त्याने फोन पुढे केला. कंपनीचा निरोप होता: गिऱ्हाइकाकडून गंभीर तक्रार आल्याने आपला आयडी कायमचा बंद करण्यात येत आहे. बस. त्याखाली युवराजने पाठवलेलं उत्तर होतं: 'माझा गुन्हा काय ते तरी सांगा.' त्याचं उत्तर आलं नव्हतं.

फाटकावर आपला फोटो आहे हे त्याला दुसऱ्या मुलांकडून कळलं होतं. आई बाजारात जाईनाशी झाली होती. धाकट्या बहिणीच्या, प्रियदर्शिनीच्या, कॉलेजात कुणीतरी तो फोटो फिरवला होता. "आयडीचं सोडा," तो म्हणाला. "दुसरीकडे राबेन. पण नाव कसं धुऊ? काय चोरलं तेसुद्धा माहीत नाही मला."

बाईंनी त्याला ते सांगितलं नाही. मुलाने आपलं उत्तर लिहिण्याआधी त्याला उत्तर दाखवायचं नसतं. बुधवारी काय काय झालं ते सगळं सांग, काही गाळू नकोस, एवढंच त्या म्हणाल्या.

त्याने सांगितलं. पाचव्या मजल्यापर्यंत तो पिशवी घेऊन पळत चढला, कारण उशीर झाला की फोनमधल्या नकाशावरचा आपला ठिपका लाल होतो. एका साहेबाने मागचं दार उघडलं, फोनमधून मान वर न काढता पिशवी घेतली आणि दार लावलं. घसा सुकला होता, पाणी मागावंसं वाटलं, पण मागितलं नाही. पाणी मागितलं तर लोक ॲपवर तारे कमी देतात.

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. बराच वेळ पुसला.

"पळत चढलास," त्या म्हणाल्या. "जिना."

"हौ बाई. आणि काय?"

"काही नाही. मी म्हातारी झाले, एवढंच. आठवड्यातून दोनदा त्याच जिन्याने चढते आणि डोक्यात प्रकाश पडला नाही."

तीन

शशिकांत खोटं बोलला होता, हे आता बाईंना ठाऊक झालं. पण का बोलला, हे ठाऊक नव्हतं. घड्याळ खरंच गेलं असेल, तर ते दुसऱ्या कुणी नेलं होतं आणि तो त्या माणसाला वाचवत होता. घरात येणारी माणसं मोजकी होती.

पहिली पद्मावती. ती धुणंभांडी करायची. नारायणगुड्याच्या भाजीबाजारात बाईंनी तिला गाठलं. ती आधी घाबरली, मग भडकली. घड्याळाला हात लावायला तिला वेळ कुठे होता? महिनाभर रोज उशीर होतो म्हणून मेधाम्माने एक दिवसाची मजुरी कापली होती. पण उशीर का होतो, हे कुणी विचारलं नव्हतं. आणि बुधवारी ती आलीच नव्हती, मुलीला ताप होता. शेजारच्या घरच्या मोलकरणीने याला दुजोरा दिला.

दुसरा चिन्मय, तन्वीचा मोठा भाऊ, इंजिनियरिंगला असलेला. बापाने मुलाला पाठीशी घालावं यासारखं साधं कारण नाही, आणि बाईंचा खरा संशय इथेच होता. तो त्यांना इमारतीखालच्या चहाच्या टपरीवर भेटला. बुधवारी संध्याकाळपर्यंत तो कॉलेजच्या परीक्षेत बसला होता. हॉल तिकीट त्याने आपणहून दाखवलं. पण घड्याळाचा विषय निघताच तो चुळबुळला.

"बाबांना त्याच्याबद्दल विचारू नका बाई. ते घड्याळ त्यांना त्यांच्या जुन्या कंपनीने दिलं होतं. दहा वर्षं झाली म्हणून. आणि मग मागच्या वर्षी त्यांना कामावरून काढून टाकलं. एक मेल आला सकाळी, अन् लॅपटॉप बंद. तेव्हापासून त्यांनी ते घातलेलंच नाही. कपाटात टाकून ठेवलंय."

"बुधवारी घातलं होतं ना? ओट्यावर काढून ठेवलं होतं म्हणे."

चिन्मयने कप खाली ठेवला. "मला उशीर होतोय," असं म्हणून तो निघून गेला. चहा तसाच राहिला.

तिसरा यादगिरी. बाई फाटकापाशी त्याच्या शेजारी खुर्चीवर बसल्या आणि आधी त्याच्या पायाच्या सुजेची चौकशी केली. मग फोटोची. हा कागद त्याला सेक्रेटरी साहेबांनीच दिला होता, बुधवारी संध्याकाळी, घडी केलेला. बाईंनी चष्मा लावून फोटो जवळून पाहिला. हा गिऱ्हाइकाला फोनवर दिसतो तसला अंगठ्याएवढा फोटो नव्हता. छातीपर्यंतचा मोठा होता, मागे पिवळी भिंत होती आणि भिंतीवर अर्धा कापलेला आकडा दिसत होता.

त्याच संध्याकाळी त्यांनी युवराजला बोलावून विचारलं की हा कुठे काढलास.

"स्टोअरमध्ये. कामावर लागलो त्या दिवशी मॅनेजरने काढला. तिथल्या कॉम्प्युटरमध्येच आहे तो, माझ्याकडेसुद्धा नाही."

"गिऱ्हाइकाला तो मिळेल?"

"गिऱ्हाइकाला कसा मिळेल बाई? मालकालाच मिळेल."

"कोण आहे मालक?"

युवराजला माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं. कंपनीचं नाव भिंतीवर होतं, पण जागा, माणसं आणि मोटरसायकली यांचं कंत्राट कुणीतरी घेतलेलं असतं. तो कधी येत नाही. तो घरी बसून पडद्यावर पाहतो, कोणता ठिपका कुठे आहे ते.

बाईंना शशिकांतच्या टॅबवरच्या मुंग्या आठवल्या.

"त्या मालकाला तू नकोसा व्हावास असं काही घडलं का, युवराज?"

त्याने मान डोलावली. मग म्हणाला, "येत्या शुक्रवारी वरलक्ष्मी व्रत आहे. घरोघरी नारळ, फुलं, केळीची पानं. वर्षातला सगळ्यात मोठा धंदा. आम्ही मुलांनी ठरवलं होतं की त्या दिवशी सगळ्यांनी फोन बंद ठेवायचे. पडलेल्या माणसाचा दवाखान्याचा खर्च द्या, एवढीच मागणी होती. आमच्यातला मिलिंद पडला होता ना, पाय गेला त्याचा." त्याने फोन खिशात टाकला. "बोलायला मला पुढे केलं होतं. आता चोराच्या मागे कोण उभं राहणार?"

चार

मंगळवारी बाईंनी तन्वीला शुद्धलेखन घालून दिलं आणि त्या जेवणघरात आल्या. मेधा त्या दिवशी घरीच होती.

"शशिकांतराव, मुलाला मी ओळखते. त्याने चोरी केली असेल तर मीच त्याला पोलिसांत नेईन. फक्त एकदा दाखवा, तुम्ही कुठे होतात आणि तो कुठे होता."

त्याला नाही म्हणता येईना. तो मागच्या दारातून बाहेर आला, मागोमाग मेधा. लिफ्टचं दार समोरच होतं. मी इथे होतो, तो आत होता, दार असं बंद झालं, त्याने हाताने दाखवलं.

"उघडा ना ते. मला नीट कळेल."

शशिकांतने बटण दाबलं. काही झालं नाही. त्याने पुन्हा दाबलं, मग अंगठ्याने दाबून धरलं. बटणामागचा दिवा लागला नाही. दाराच्या फटीत जळमटं होती.

"आत्ताच बिघडलेली दिसते," तो म्हणाला.

जिन्यावर पावलं वाजली. पद्मावती वर येत होती, एका हातात चपला, दुसरा कठड्यावर. पाचव्या मजल्यावर पोचून ती भिंतीला टेकली.

"पद्मावती, ही लिफ्ट कधीपासून बंद आहे?" बाईंनी विचारलं.

तिने तिघांकडे पाहिलं. आपण काही चुकलो का, असा तिचा चेहरा झाला. "बोनालू के तेहवार के पहले से, अम्मा, महीना हो गया. हम लोगां रोज सीढ़ियां से आते."

मेधा म्हणाली की हे शक्य नाही, सोसायटीकडे अशी तक्रारच नाही.

"कशी असेल?" बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण वर्गात असा आवाज ऐकला की मुलं पाय आखडून घेत. "तुमच्या सोसायटीच्या ॲपवर तक्रार फक्त फ्लॅटमालकांना करता येते. आणि या लिफ्टमध्ये एकही मालक कधी पाय ठेवत नाही. महिनाभर बायका पाच-पाच, दहा-दहा मजले चढल्या. तुम्ही उशिराबद्दल त्यांची मजुरी कापलीत. दारापुढे कचऱ्याचे डबे आले, तेही कुणाला दिसले नाहीत. नियम तुम्हीच केला होतात शशिकांतराव. तो पाळणाऱ्यांचं काय होतं, तेवढं पाहायचं राहिलं. ते पाहिलं असतंत, तर बंद लिफ्टमध्ये चोर चढवला नसतात."

शशिकांत बटणाकडे पाहत होता.

"घड्याळ कपाटात आहे," बाई पुढे म्हणाल्या. "चिन्मयलाही तसंच वाटतं, म्हणून तो माझ्या प्रश्नाला उत्तर न देता पळाला. फाटकावरचा फोटो स्टोअरच्या कॉम्प्युटरमधला आहे आणि तो तुमच्या हाती आला, कारण स्टोअर तुम्ही चालवता. शुक्रवारी मुलं फोन बंद ठेवणार होती. म्हणून त्यांच्या तोंडाला काळं फासायला एक चोर हवा होता. पोलीस तुम्हाला नकोच होते, त्यांनी घड्याळ शोधलं असतं."

मेधा आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. ती परतली तेव्हा घड्याळ तिच्या तळहातावर होतं.

शशिकांत तिथेच पायरीवर बसला. मग सगळं बाहेर आलं. नोकरी गेल्यावर मिळालेले सगळे पैसे त्याने या कंत्राटात घातले होते. एका सणाच्या दिवशी स्टोअर बंद पडलं, तर कंपनी कंत्राट काढून घेते, तेही न विचारता. "माझ्याकडे दुसरा रस्ता नव्हता मॅडम. वरून मला दाबतात, मी कुणाला सांगू?"

"खाली सांगितलंत," बाई म्हणाल्या. "तुम्हाला काढलं तेव्हा त्यांना काय लिहिलं होतंत?"

 उत्तर मेधाने दिलं. "माझा गुन्हा काय ते तरी सांगा, असं लिहिलं होतं. मीच शेजारी बसले होते."

"उत्तर आलं?"

"नाही."

"युवराजनेही तुम्हाला हेच लिहिलंय," बाई शशिकांतला म्हणाल्या. "शब्द न् शब्द तोच. आठवडा होत आला त्याला."

पाच

बुधवारी युवराजचा आयडी चालू झाला. गैरसमज झाला होता, असा निरोप आला. चोरी, घड्याळ, यांचा त्यात उल्लेख नव्हता. पाठोपाठ मॅनेजरचा फोन आला की शुक्रवारी सकाळी तू गाडीवर दिसायला हवास, नाहीतर आयडी पुन्हा जाईल. फाटकावरचा फोटो तसाच होता. पाऊस लागू नये म्हणून यादगिरीने त्यावर प्लास्टिक चढवलं होतं.

युवराजने बाईंना विचारलं, काय करू. बाईंनी सांगितलं नाही. हा पेपर त्याचा होता.

शुक्रवारी बाई आल्या तेव्हा वरच्या मजल्यांवरून उदबत्तीचा वास येत होता. शशिकांत टेबलाशी बसला होता. टॅबवरचे हिरवे ठिपके पावसात निखारे विझावेत तसे विझत होते. नारायणगुड्याचे गेले, हिमायतनगरचे गेले. सोसायटीच्या ग्रुपवर बायका विचारत होत्या, नारळ कुठे आहे, पूजा खोळंबली. शेवटी एकच ठिपका उरला. तो चिक्कडपल्लीहून निघाला होता आणि मधे कुठेही न थांबता इमारतीकडे येत होता.

शशिकांतने सुस्कारा सोडला. "निदान तुमचा युवराज तरी शहाणा निघाला."

 बाईंनाही वाटलं की तो वाकला, आणि त्यांनी नकाशावरून नजर काढली.

ठिपका फाटकापाशी थांबला. थोड्या वेळाने बेल वाजली. पुढच्या दाराची. यादगिरीने त्याला अडवलं नसावं, किंवा पाठ फिरवली असावी. मेधाने दार उघडलं. युवराज इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात उभा होता, हातात पिशवी नव्हती. त्याने फोन वर धरून शशिकांतला दाखवला आणि बोटाने बंद केला. टेबलावरचा नकाशा रिकामा झाला.

"आयडी घ्या परत," तो म्हणाला. "गिऱ्हाइकाचं काही आणलं नाही सर, तुमच्याशी काम आहे. तो फोटो तुम्ही लावला. तुम्हीच काढायचा. सगळी मुलं खाली बसलीत, मिलिंदला पण आणलंय. त्यांच्यासमोर काढा आणि का लावला होता ते सांगा."

"मी यादगिरीला सांगतो काढायला."

"नक्को. तुम्ही."

शशिकांतने मेधाकडे पाहिलं. तिने नजर वळवली नाही, पण मदतही केली नाही. तो उठला, चपला घातल्या आणि पुढच्या लिफ्टकडे वळला.

त्रिवेणीबाईंनी स्वयंपाकघर ओलांडून मागचं दार उघडलं.

"इकडून," त्या म्हणाल्या.

तो क्षणभर थांबला. मग आत वळला, ओट्याजवळून गेला आणि जिना उतरू लागला. पुढे तो, मागे युवराज. मधल्या वळणावर पद्मावती वर येत होती. ती भिंतीला चिकटून वाट देऊ लागली तेव्हा युवराजने तिला हाताने थांबवलं आणि साहेबांना थोडं बाजूला व्हायला सांगितलं. तिच्या डोक्यावर कुणाच्या तरी पूजेचे नारळ होते.